विंचू सर, जे आमगावला असतात

विंचू सरांना नाम उघडं सोडलेलं सहन होत नाही. नाम म्हणजे व्याकरणातलं. भाऊ, बैल, पाऊस, आमदार, चहा. यातलं कुठलंही एकटंदुकटं त्यांच्यासमोर आलं की सर विचारतात, ‘‘कोणता?’’

स्टँडवरच्या टपरीत पोरगा विचारतो, ‘‘सरजी, चाय देऊ?’’

‘‘कोणता? जो आत्ता ठेवलास तो, का जो सकाळपासून उकळतो आहे तो?’’

पोरगा प्रामाणिक आहे. ‘‘सकाळचाच हाय जी.’’

‘‘मग जे दूध तू मालकासाठी वेगळं काढून ठेवलंस, ते त्यात टाक.’’

दूध पडतं. मालक बघत राहतो. सरांना त्यात काही विशेष वाटत नाही. त्यांनी फक्त दुधाचं वर्णन पूर्ण केलेलं असतं.

प्रत्येक तालुक्यात इंग्रजीचा असा एखादा मास्तर असतोच, ज्याच्या अंगात व्याकरणाचं एकच प्रकरण शिरलेलं असतं. कोणाला टेन्स चढतो, कोणाला ॲक्टिव्ह-पॅसिव्ह. पॅसिव्हवाले एक गुरुजी आमच्याकडे होते. वर्गाची काच फुटली की ते ‘काच फोडली गेली आहे’ एवढंच नोंदवत आणि फोडणारा सुटून जाई. विंचू सरांच्या अंगात रिलेटिव्ह प्रोनाऊन आहे. हू, विच, दॅट, हूज आणि हूम. ही पाच नावं ते वर्गाकडून रोज म्हणवून घेत. असंच एकदा म्हणवून घेताना मागच्या बाकावरच्या कोणीतरी ‘विच’चा ‘विंचू’ केला आणि नाव चिकटलं. सरांच्या कानावर गेलं तेव्हा ते रागावले नाहीत. त्या मुलाला उभं करून म्हणाले, ‘‘विंचू कोणता? द स्कॉर्पियन दॅट स्टिंग्ज, का द स्कॉर्पियन दॅट डझन्ट?’’ मुलानं घाबरून दुसरा निवडला. ‘‘मग चालेल,’’ सर म्हणाले, आणि वर्ग पुढे सुरू झाला.

सरांची शाळा आमगावपासून थोडी आत, धानाच्या बांध्यांच्या मधोमध. भवभूतीचं पद्मपूर म्हणजे हे आमगावजवळचंच पदमपूर, असं वा. वि. मिराशींनी मांडलं. आमगावच्या कॉलेजलाही भवभूतीचंच नाव आहे. सरांना या गोष्टीचा अभिमान आहे, पण त्यांच्या पद्धतीनं. ज्या भवभूतीनं ओळ-ओळभर लांबीचे समास रचले आणि विदर्भाच्या मातीत जन्मून कोणालाही घाई केली नाही, त्याच्या गावात राहून आपण सहा शब्दांत वाक्य संपवायचं म्हणजे पूर्वजांचा अपमान, असं त्यांचं मत.

इंग्रजीतले त्यांचे पूर्वज म्हणजे रेन आणि मार्टिन. यातला रेन, जो मुंबई इलाख्याच्या शिक्षणखात्यात नोकरीला होता (हा क्लॉज सरांचाच), त्यानं १९२४ मध्ये ‘बो जेस्ट’ ही कादंबरी लिहिली. वाळवंटातली फ्रेंच फौज, किल्ला, तीन भाऊ, असा सगळा मामला. सरांनी ती वाचलेली नाही. पण ज्या माणसाला एवढ्या मारामाऱ्या सुचत होत्या, तो इतक्या शांतपणे हू आणि विच यांचे नियम लिहून गेला, याचं त्यांना फार कौतुक. मारामारी कोणीही लिहील, पण ‘विच’च्या आधी कॉमा कधी द्यायचा हे लिहायला धैर्य लागतं, असं ते म्हणतात.

मराठी मुलाला इंग्रजीतलं हे प्रकरण जड का जातं, याचं सरांचं निदान मात्र पक्कं आहे. आपण म्हणतो, ‘जो मुलगा काल आला तो माझा भाचा.’ ‘जो’ आधी येतो, त्याच्या मागे सगळं वर्णन, आणि शेवटी ‘तो’. सर म्हणतात, मराठीत आधी वरात येते आणि मग नवरदेव. इंग्रजीत नवरदेव आधी मांडवात येऊन बसतो, वरात मागून. ‘द बॉय’ आला, बसला. मग ‘हू केम यस्टरडे’. आपल्या मुलांना ‘जो’ला ‘तो’चं उत्तर दिल्याशिवाय चैन पडत नाही, म्हणून ती ‘द बॉय हू केम यस्टरडे, ही इज माय नेफ्यू’ असं लिहितात. हा मधला ‘ही’ सर लाल शाईनं इतक्या जोरात खोडतात की मागच्या पानावरचा भूगोलही खोडला जातो.

कॉमा शिकवण्याची त्यांची पद्धत तालुक्यात गाजली ती धानामुळे. नोव्हेंबर होता. कापणी झालेली, मळणी चाललेली, आणि आधारभूत खरेदी केंद्रांबाहेर ट्रॅक्टरच्या रांगा. सरांनी फळ्यावर दोन वाक्यं लिहिली. पहिलं, ‘द पॅडी विच इज ड्राय विल बी बॉट.’ दुसरं तेच, फक्त ‘विच इज ड्राय’च्या दोन्ही बाजूंना कॉमा. फरक काय? वर्ग गप्प. पाठ्यपुस्तकातली डिफायनिंग आणि नॉन-डिफायनिंगची व्याख्या सरांनी दोनदा वाचली. वर्ग आणखी गप्प. मग त्यांनी पुस्तक मिटलं.

‘‘केंद्रावर ग्रेडर काय म्हणतो?’’

एक मुलगा, ज्याचा बाप आदल्याच दिवशी धान परत घेऊन आला होता, उठला. ‘‘जे धान सुकलं हाय तेच घेतो म्हणते. सतरा टक्क्याच्या वर ओल नाय पायजे म्हणते. आमचं वापस केलं.’’

‘‘म्हणजे धान दोन प्रकारचं. सुकलेलं आणि ओलं. घेणार कोणतं?’’

‘‘सुकलेलं.’’

‘‘हे पहिलं वाक्य. कॉमा नाही. तुझ्या बापाचं धान बाहेर. आता दुसरं बघ. धान, जे सुकलेलं आहे, ते घेतलं जाईल. इथं ओलं धान कुठे आहे?’’

मुलानं फळ्याकडे बराच वेळ पाहिलं. ‘‘ओलं नायच हाय जी. सगळंच सुकलं हाय. सगळंच घेतील.’’

‘‘शाब्बास.’’

‘‘मंग सर,’’ मुलगा म्हणाला, ‘‘ग्रेडरले दोन कॉमा देले तं?’’

वर्ग असा हसला की शेजारच्या वर्गातले गणिताचे सर येऊन बघून गेले. पण त्या मुलांपैकी एकही पुन्हा कॉमात चुकला नाही. दुष्परिणाम एवढाच झाला की त्या हंगामात गावात ‘कॉमा देणे’ हा वाक्प्रचार रूढ झाला. तलाठ्याकडे काम अडलं की म्हातारी माणसंही एकमेकांना विचारू लागली, ‘‘कॉमा देला का?’’ सरांना याचं वाईट वाटलं, पण उपयोग व्याकरणदृष्ट्या अचूक असल्यामुळे त्यांना कोणाला टोकता येईना.

विशेषनामांना ते आणखी मान देतात. ज्याचं नाव घेतल्यावर दुसरा कोणी समोर येतच नाही, त्याला ओळखायला क्लॉज लागत नाही. तिथला क्लॉज फक्त मानाचा, म्हणून तो कॉमांच्या आत. उदाहरण कायम ठरलेलं. दादाजी खोब्रागडे, ज्यांनी एचएमटी धान शोधून काढलं. नागभीड तालुक्यातल्या नांदेडचे हे शेतकरी. आपल्या बांधीतल्या वेगळ्या लोंब्या निवडून त्यांनी बियाणं केलं आणि त्याला नाव मिळालं ते घड्याळाचं. ‘‘दोन दादाजी आहेत का?’’ सर विचारतात. ‘‘नाही.’’ ‘‘मग कॉमा द्या.’’ २०१८ मध्ये दादाजी गेले, त्यानंतर शाळा उघडली त्या दिवशी सरांनी वर्गात हेच वाक्य फळ्यावर लिहिलं आणि ‘इज’चं ‘वॉज’ केलं. दुसरं काही बोलले नाहीत.

जिल्हा झाला तेव्हाही त्यांना वेगळाच आनंद झाला होता. १ मे १९९९ ला गोंदिया भंडाऱ्यातून वेगळा झाला. लोकांनी फटाके लावले, पुढाऱ्यांनी हार घातले. सर म्हणाले, आता ‘गोंदिया, विच वॉज वन्स इन भंडारा’ असं म्हणता येईल. विभाजनाचा एवढा निखळ व्याकरणिक फायदा जिल्ह्यात दुसऱ्या कोणाला झाला असेल असं वाटत नाही.

‘हूम’चं तर विचारूच नका. साहेबांनी स्वतः बोलण्यातून जवळपास टाकून दिलेला हा शब्द सरांनी पाळला आहे. अनोळखी नंबरवरून फोन आला की ‘‘टू हूम डू यू विश टू स्पीक?’’ कर्ज, क्रेडिट कार्ड विकणारी पोरं तिथेच फोन ठेवतात. ‘द राइस आय ईट’ यातला ‘विच’ गाळला तरी चालतो, हा नियम ते शिकवतात, कारण तो नियम आहे. स्वतः मात्र कधी गाळत नाहीत. गाळता येतो म्हणून गाळायचाच का, असं म्हणतात, आणि त्यांच्या आवाजात जरा दुखावल्यासारखं काही असतं.

खरा घोळ झाला तो प्राण्यांवरून. माणसाला ‘हू’, जनावराला ‘विच’, हे सगळे शिकवतात. पण सरांना अर्धं सांगून थांबता येत नाही. त्यांनी पुढचंही सांगितलं: ज्या प्राण्याला नाव आहे, ज्याला घरचा म्हणून ओळखतात, त्याला इंग्रज ‘हू’ म्हणतो. उदाहरणाला घेतला जय. नागझिऱ्याचा वाघ, ज्याचं नाव ‘शोले’तल्या जयवरून पडलं, जो २०१३ मध्ये निघून उमरेड-कऱ्हांडल्याला गेला आणि २०१६ पासून कोणालाच दिसला नाही. ‘जय, हू लेफ्ट नागझिरा, वॉज नेव्हर फाऊंड.’ त्याच जंगलातला बिननावाचा वाघ मात्र ‘विच’. नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पात वाघ किती, यावर वनखातं बोलेल. त्यातले ‘हू’ किती आणि ‘विच’ किती, हे विंचू सर सांगतील.

‘‘म्हणजे सर, नाव ठेवलं की हू?’’ एका मुलीनं विचारलं.

‘‘हो.’’

दुसऱ्या दिवशी वर्गातल्या प्रत्येकाच्या घरच्या जनावराचं बारसं झालेलं होतं. शेळ्यांना हिरॉइनींची नावं पडली. एका रेड्याचं नाव हेडमास्तर होतं; ते सरांनी निमूटपणे ‘टायगर’ करून दिलं. पण एका वहीतलं वाक्य त्यांच्या हातून तसंच राहिलं, कारण ते निर्दोष होतं. ‘सरपंच, हूम वी एट ऑन संडे, वॉज व्हेरी टेस्टी.’ सरपंच म्हणजे कोंबडा. आठवीतला मुलगा, आणि ‘हूम’ अचूक! कॉमाही दोन्ही जागच्या जागी! सरांना भरून आलं. त्यांनी दहापैकी दहा दिले आणि खाली ‘एक्सलन्ट’ लिहिलं.

ती वही दोन दिवसांत गावच्या सरपंचांकडे पोचली. सरपंच शाळा व्यवस्थापन समितीवर. ते वही घेऊन शाळेत आले. त्यांना इंग्रजी जेमतेम येतं, पण ‘एट’ आणि ‘टेस्टी’ कळायला तेवढं पुरलं.

‘‘सरजी, हे का हाय?’’

‘‘तुम्ही कोणता सरपंच समजताय?’’ सरांनी शांतपणे विचारलं. ‘‘हा तो सरपंच, जो कोंबडा होता.’’

‘‘गावात सरपंच एकच हाय.’’

‘‘अगदी बरोबर. म्हणून तर तुम्हाला कॉमा आहे.’’

सरपंचांना मान मिळाला आहे की नाही हे ठरवता येईना. ते चहा घेऊन गेले. मुलाच्या आईनं त्यानंतर कोंबड्यांना नावं ठेवणं बंद केलं, आणि तीन दिवस मुलाशी बोलणंही.

सरांना विद्यार्थ्यांची नावं आठवत नाहीत, ही त्यांच्यावरची जुनी तक्रार. हजेरी घेताना ते नाव वाचतात तेवढंच. बाकी त्यांच्या डोक्यात सगळा वर्ग क्लॉजनं साठवलेला असतो. मध्ये गोंदियाच्या प्लॅटफॉर्मवर एक मोठा अधिकारी त्यांच्या पाया पडला. मागे बॅग धरून शिपाई उभा. ‘‘सर, ओळखलं?’’ सरांनी चष्मा वर केला. ‘‘द बॉय हूज बायसिकल वॉज ऑल्वेज पंक्चर्ड.’’ शिपायानं तोंड फिरवलं. साहेबाचे डोळे मात्र पाणावले. रोज आठ-दहा किलोमीटर ती सायकल ढकलत आल्याचं त्याच्या बायकोलाही माहीत नव्हतं. एका नर्सला त्यांनी अशीच हाक मारली, ‘‘द गर्ल हूज मदर पेड द फीज आउट ऑफ तेंदूपत्ता.’’ आता नाव लक्षात ठेवणं मोठं की हे, यावर आम्ही काही मत देत नाही. नाव आठवलं असतं तर चहा लवकर झाला असता, एवढं खरं.

सहकाऱ्यांना मात्र त्यांची भीती. शाळेतले बरेचसे शिक्षक गोंदियाहून अप-डाऊन करणारे. पीटीचे सर त्यातलेच. त्यांनी एकदा रजेचा अर्ज इंग्रजीत लिहिला, साहेबांवर छाप पडावी म्हणून. ‘माय वाइफ हू लिव्हज इन गोंदिया इज सिक.’ अर्ज टेबलावर होता. विंचू सरांनी जाता जाता वाचला आणि थांबले.

‘‘गोंदियाची आजारी आहे. दुसरी कुठे असते?’’

स्टाफरूम एकदम शांत झाली. पीटी सरांना प्रश्न कळला नाही, पण बाकीच्यांना कळला, आणि पाण्याचे ग्लास ठेवायला आलेल्या शिपायाला सगळ्यात आधी कळला. मधल्या सुट्टीपर्यंत ‘पीटीच्या सरांच्या दोन बायका’ ही बातमी गावात होती. शाळा सुटायच्या आत ती गाडीच्याही आधी गोंदियाला पोचली. पीटी सरांच्या सौभाग्यवतींचा ताप त्या फोननं जागच्या जागी उतरला. विंचू सरांनी स्वतः घरी फोन करून समजावलं, ‘‘वहिनी, दोन कॉमा राहिले होते फक्त.’’ त्यावर वहिनी काय म्हणाल्या ते सर सांगत नाहीत. अर्जात कॉमा टाकून पीटी सरांनी तो पुन्हा दिला. तरी त्यांची एक शंका उरलीच.

‘‘सरजी, ‘माय ब्रदर हू लिव्हज इन नागपूर’ याले तुमी कॉमा नाय देला. बायकोलेच काहून?’’

‘‘तुम्हाला भाऊ किती?’’

‘‘तीन.’’

‘‘मग?’’

दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव मंडई भरते. दिवसा बाजार, पाहुणे, सोयरिकीच्या गप्पा, आणि रात्री वडशाच्या एखाद्या मंडळाचं नाटक. नाटकाआधी उद्घाटन, उद्घाटनात पाहुण्यांचा परिचय. एका वर्षी तो परिचय विंचू सरांकडे दिला गेला. मराठीत बोला, एवढीच अट. सर उभे राहिले. ‘‘ज्यांनी आपल्या गावाला तो रस्ता दिला, जो निवडणुकीच्या आधी झाला आणि ज्यावर पहिल्याच पावसात खड्डे पडले, जे अजून आहेत; ज्यांनी तो बोअर मंजूर केला, ज्याला पाणी लागलं असतं तर...’’ पाहुणे पहिल्या क्लॉजला हात जोडून उठले होते, तिसऱ्याला हळूच बसले. विंगेत तोंडाला रंग लावलेला राजा घोंगडी पांघरून उभा होता, त्यानं घोंगडी काढली. समोरचं पब्लिक एरवी परिचयात ‘नाटक चालू करा’ म्हणून ओरडतं; त्या रात्री ‘आणखी जी, आणखी!’ म्हणून ओरडलं. सरांचा हेतू टीका करण्याचा मुळीच नव्हता. रस्ता म्हटल्यावर तो कोणता, हे सांगायला नको? पुढच्या वर्षी परिचय पॅसिव्हवाल्या गुरुजींकडे गेला. रस्ता केला गेला, बोअर खोदला गेला. सगळे खूश.

अठ्ठावन्नाव्या वर्षी सर निवृत्त झाले. सन्मानपत्र इंग्रजीतच हवं म्हणून हेडमास्तरांनी ते गोंदियाहून जाड कागदावर छापून आणवलं. काच बसवायची तेवढी राहिली होती. शाल, श्रीफळ झालं. हेडमास्तरांनी वाचून दाखवलं. त्यातलं मुख्य वाक्य असं होतं, ‘द टीचर्स ऑफ धिस स्कूल, हू टीच विथ डिव्होशन, विल मिस हिम.’ टाळ्या झाल्या. सरांनी कागद हातात घेतला, चष्मा लावला, आणि सवयीनं खिशातलं लाल पेन काढलं. सगळ्यांना वाटलं सही करताहेत. त्यांनी दोन कॉमा खोडले, शेजारी इनिशियल मारली आणि कागद परत दिला.

पहिल्यांदा कळलं ते दहावीच्या पोरांना. ती शेवटच्या रांगेत एकमेकांवर पडून हसू लागली. धानाचं वाक्य त्यांना पाठ होतं. जे शिक्षक मन लावून शिकवतात तेच आता सरांची आठवण काढणार होते. बाकीच्यांना सन्मानपत्रात जागा उरली नव्हती. बाकीचे कोण, हे गावाला सांगायची गरज नव्हती. अप-डाऊनवाल्यांच्या रांगेत कुजबुज सुरू झाली. एकानं मोबाइलमध्ये गाडीची वेळ बघता बघता विचारलं, ‘‘सरजी, हे राहू द्या ना जसं होतं तसं?’’

‘‘जसं होतं तसं व्याकरणानं बरोबरच होतं,’’ सर म्हणाले. ‘‘फक्त खरं नव्हतं.’’

हेडमास्तरांनी नवं सन्मानपत्र छापायचा निर्णय जागच्या जागी घेतला, कॉमांसह. खर्चाचा प्रश्न आला. शाळेच्या खात्यातून हा खर्च निघत नाही, असं क्लार्कनं सांगितलं आणि लगेच वर्गणीची यादी फिरवली. वर लिहिलं होतं, ‘जे शिक्षक अप-डाऊन करतात त्यांच्याकडून प्रत्येकी पन्नास रुपये.’ कोणी वाद घातला नाही. पीटीच्या सरांनी तर यादी हातात येण्याआधीच शंभराची नोट काढून दिली आणि सुटे परत मागितले नाहीत.